भिंतीला बिलगून चालणारा प्रकाश

पुणें जिल्ह्यांतील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा नदी वाहते. तिच्या शिरूरकडील अंगास वडगांव रासाई हें गांव आहे. येथून जाणारें पाणी पुढें सोलापूर जिल्ह्यांत शिरतें, पंढरपुरीं चंद्रभागा हें नांव घेतें, आणि आणखी खालीं गेल्यावर विजापूर जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून कृष्णेकडे जातें. प्रस्तुत भाषणाचा विषय प्रकाश हा आहे, नदी हा नव्हे. परंतु या विषयाचा आरंभ विजापुरच्या एका घुमटांत करणें सोईचें आहे, आणि त्याचा उपयोग शेवटीं भीमेच्या पाण्याच्या एका थेंबापाशीं येऊन ठेपतो. म्हणून नदीची ही वाट आधींच सांगून ठेवलेली बरी.

विजापुरचा महंमद आदिलशहा १६२७ सालीं गादीवर आला व १६५६ सालीं मरण पावला. शहाजीराजे त्याच्या दरबारचे सरदार होते, आणि पुणें व सुपें हे परगणे त्याच्याच अमदानींत त्यांच्या जहागिरींत होते. या बादशहाची कबर ज्या इमारतींत आहे तोच प्रसिद्ध गोल घुमट. घुमटाचा आंतील व्यास सुमारें १२४ फूट असून मध्यें आधाराला एकही खांब नाहीं. घुमटाच्या पायथ्याशीं आंतून एक वाटोळा सज्जा फिरविलेला आहे. या सज्ज्यावर एका माणसानें भिंतीजवळ तोंड नेऊन अगदीं हलक्या आवाजांत एखादा शब्द उच्चारावा, आणि समोरच्या बाजूस, शंभराहून अधिक फुटांवर, दुसऱ्यानें भिंतीशीं कान न्यावा. शब्द त्याला स्पष्ट ऐकूं येतो. मोठ्यानें हांक मारली तर तिचे अनेक प्रतिध्वनि उठतात, आणि सहलीस आलेलीं मुलें त्यांतच रमून जातात. पण खरें नवल हांकेचें नसून कुजबुजीचें आहे. घुमटाचा घेर जवळजवळ ३९० फूट भरतो. हवेंत ध्वनि एका सेकंदांत सुमारें १,१२० फूट जातो. म्हणजे कुजबुजीची एक संपूर्ण प्रदक्षिणा सेकंदाच्या एक तृतीयांश भागांतच पुरी होते.

ही कुजबूज पलीकडे पोंचते तरी कशी? लंडन येथील सेंट पॉलच्या देवळांतही असाच सज्जा आहे, आणि या प्रश्नाची चर्चा प्रथम त्या सज्ज्यावरून झाली. जॉर्ज एअरी या इंग्रज ज्योतिर्विदानें दिलेलें उत्तर सोपें व पटण्यासारखें होतें. घुमटाचा वक्र पृष्ठभाग आरशासारखें काम करतो. एका ठिकाणाहून निघालेले ध्वनीचे किरण त्यावर आदळून नेमके समोरच्या बिंदूवर एकवटतात, असें त्याचें म्हणणें. परंतु हें खरें मानलें तर कुजबूज केवळ समोरच्याच माणसाला ऐकूं यावी, व मधल्या वाटेवर उभा असलेला माणूस कोरडाच राहावा. प्रत्यक्षांत तसें घडत नाहीं. भिंतीलगत कोठेंही कान लावला तरी शब्द ऐकूं येतो. भिंतीपासून दूर सरलें कीं तो मंदावतो.

या विसंगतीकडे लॉर्ड रॅले यानें लक्ष वेधलें. त्याचें मत असें कीं, ध्वनि घुमटाच्या वरच्या भागावर आपटून खालीं येत नाहीं, तर वांकड्या भिंतीला बिलगून तिच्या कडेकडेनें सरपटत जातो. हें सिद्ध करण्यासाठीं त्यानें पत्र्याची एक पट्टी अर्धवर्तुळाकार वांकविली. तिच्या एका टोकाशीं बारीक, तीव्र आवाजाची शिटी ठेवली, आणि दुसऱ्या टोकाशीं आवाज लागतांच फडफडणारी गॅसची ज्योत. शिटी वाजली कीं ज्योत फडफडे. मग त्यानें पट्टीच्या आंतल्या अंगास, अगदीं लगत, एक अरुंद आडोसा उभा केला. शिटी व ज्योत यांच्या मधली सरळ वाट पूर्ण मोकळी होती. तरीही ज्योत निश्चल झाली. आवाजाची वाट भिंतीलगत होती आणि तेवढीच अडविली गेली होती. १९१० व १९१४ सालीं रॅलेनें या घटनेचें गणितही मांडलें. त्यांतून आणखी एक गोष्ट निघाली: लहर जितकी आंखूड तितकी ती भिंतीला अधिक घट्ट बिलगते. कुजबुजींत ‘स’ आणि ‘श’ यांसारख्या तीव्र ध्वनींचा भरणा असतो, म्हणूनच मोठ्या बोलण्यापेक्षां कुजबूज या सज्ज्यांत अधिक चांगली चालते.

पुढचें पाऊल एका भारतीयानें टाकलें. १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडला गेले असतां त्यांनीं सदरलंड या सहकाऱ्याबरोबर सेंट पॉलच्या सज्ज्यांत प्रयोग केले. रॅलेच्या मताप्रमाणें भिंतीपासून दूर जातां जातां आवाज एकसारखा मंदावत जावा अशी अपेक्षा होती. या दोघांना तो कमी होऊन पुन्हा वाढतांना व पुन्हा कमी होतांना आढळला. भिंतीला बिलगलेल्या लहरींचे एकाहून अधिक पट्टे असतात, आणि ते एकमेकांत मिसळतात, असा त्याचा अर्थ. परत आल्यावर रामन यांनीं या विषयावर जो लेख प्रसिद्ध केला त्यांत पाटण्याचें गोलघर, कलकत्त्याच्या इमारती आणि विजापुरचा गोल घुमट यांचाही विचार केलेला आहे. याच सफरीवरून ‘नारकुंडा’ बोटीनें परततांना भूमध्य समुद्राच्या निळाईनें त्यांचें लक्ष प्रकाशाच्या विकिरणाकडे वेधलें, आणि त्यांतून १९२८ सालचा जगद्विख्यात शोध लागला, हें सर्वश्रुत आहे. त्या शोधाच्या तेजापुढें कुजबुजत्या सज्ज्यांचा अभ्यास झांकोळून गेला. परंतु आज त्या अभ्यासाची आठवण काढण्यास एक सबळ कारण आहे. घुमटांत जें ध्वनीचें होतें तेंच प्रकाशाचें करतां येतें, आणि तें केल्यानें मनुष्याच्या हातीं फार सूक्ष्म असें एक मोजण्याचें साधन आलें आहे.

ध्वनि भिंतीला बिलगून चालतो, कारण दगडी भिंत त्याला आंत घेत नाहीं. प्रकाशाला अशी भिंत कोठून आणावी? धातूचा आरसा सुचतो, पण तो उपयोगाचा नाहीं. उत्तम आरसाही प्रत्येक वेळीं थोडा प्रकाश गिळतो. शंभरांत पांच भाग गिळतो असें धरलें तरी चौदा वेळां आपटल्यावर निम्माही प्रकाश उरत नाहीं, व शंभर वेळां आपटल्यावर एक टक्काही शिल्लक राहत नाहीं. दुसरा उपाय पाण्याच्या पेल्यांत दिसतो. कांचेचा पेला पाण्यानें भरून डोळ्यांपेक्षां किंचित् वर धरावा आणि खालून, तिरकस, पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहावें. तो पृष्ठभाग चांदीच्या पत्र्यासारखा चकाकतो. दाट माध्यमांतून विरळ माध्यमाकडे प्रकाश पुरेसा तिरका आला म्हणजे तो बाहेर न पडतां सर्वच्या सर्व मागें फिरतो. यास पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. हिऱ्याचें तेजही बरेंचसें यामुळेंच आहे. येथें आरसा नाहीं, म्हणून गिळणेंही नाहीं.

तेव्हां निर्मळ कांचेची एक वाटोळी गोळी घेतली आणि तिच्या कडेकडेनें प्रकाश सोडला, तर तो आंतल्या बाजूनें भिंतीला बिलगून फिरत राहील. कांच, गारेचा स्फटिक, मेण यांसारख्या वीज न वाहणाऱ्या पदार्थांना शास्त्रांत परावैद्युत म्हणतात; अशा पदार्थाचा नुसता तुकडाही विद्युच्चुंबकीय लहरींना कोंडून ठेवूं शकतो, हें रिचमायर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३९ सालींच दाखविलें होतें. १९६० सालीं लेसर निर्माण झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं कॅल्शियम फ्ल्युओराइडच्या एका बारीक गोळींत प्रकाशाची ही प्रदक्षिणा प्रत्यक्षांत आणली गेली. १९८९ सालीं मॉस्को येथील ब्रागिन्स्की व त्यांचे सहकारी यांनीं वितळविलेल्या गारेच्या सूक्ष्म गोळ्यांत प्रकाश फार वेळ खेळता ठेवतां येतो असें दाखवून दिलें, आणि तेथून या विद्येनें वेग घेतला.

अशा गोळींत वाटेल तो प्रकाश टिकत नाहीं. देवळाभोंवतीं प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाचीं पावलें अगदीं सारखीं पडतात असें समजावें. वाटेची लांबी पावलांच्या पूर्ण संख्येइतकी असेल, तर दुसऱ्या फेरींत त्याचें पाऊल पहिल्याच ठशावर पडेल, तिसऱ्या फेरींतही तेथेंच. वाट अर्ध्या पावलानें अधिक असेल तर प्रत्येक फेरीचे ठसे मागच्या ठशांना पुसून टाकतील. प्रकाशाच्या लहरींचेंही असेंच आहे. घेरांत ज्यांची पूर्ण संख्या मावते त्याच लहरी एकमेकींस बळ देत राहतात. बाकीच्या एकमेकींना मारून टाकतात. सतारीच्या तरफा न छेडतां वाजतात त्या याच न्यायानें: आपल्या सुराची हांक आली तरच तार उत्तर देते. म्हणून अशा गोळीला प्रकाशाचा अनुनादक म्हणतात. जितक्या अधिक फेऱ्या, तितका अनुनादकाचा कान तीक्ष्ण.

या फेऱ्या किती होऊं शकतात? १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनांत, एका मिलिमीटरहूनही लहान असलेल्या गारेच्या गोळींत तांबडा प्रकाश विझण्यापूर्वीं अर्ध्या किलोमीटरहून अधिक वाट चालून गेला. सव्वातीन मिलिमीटरहूनही लहान घेराभोंवतीं त्यानें दीड लक्षाहून अधिक प्रदक्षिणा केल्या. पण त्याच प्रयोगांत एक विलक्षण अडचण आढळली. ताज्या गोळीचा हा गुण हवेंत थोड्याच वेळांत उतरूं लागे. तपासाअंतीं कारण निघालें तें हवेंतील ओलाव्याचें. डोळ्यांस तर सोडाच, सूक्ष्मदर्शकासही न दिसणारा पाण्याचा एक पापुद्रा गोळीवर बसे, आणि तेवढ्यानें प्रकाशाची चाल बिघडे.

प्रकाश कांचेच्या आंत फिरत असतां बाहेर बसलेल्या पाण्याची बाधा त्याला कां व्हावी? याचें उत्तर या सर्व विषयाचें मर्म आहे. पूर्ण परावर्तन होतें तेव्हांही प्रकाश अगदीं रेषेवरून मागें फिरत नाहीं. त्याचें एक पाऊल उंबरठ्याबाहेर पडतें. भिंतीच्या बाहेर कांहींशें नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतक्या किंवा त्याहूनही कमी अंतरापर्यंत, त्याचा एक झपाट्यानें क्षीण होणारा अंश पसरलेला असतो. तो दूर जात नाहीं, भिंतीबरोबरच चालतो. भिंतीच्या बाहेरील अंगावर जें कांहीं बसलें असेल त्याला हा अंश चांचपतो. फेरी एकच असती तर एवढ्या हलक्या स्पर्शाचा कांहीं उमज पडला नसता. परंतु लक्षावधि वेळां तोच स्पर्श झाला म्हणजे त्याची नोंद उमटते. मॉस्कोच्या शास्त्रज्ञांना जी अडचण वाटली तीच इतरांना संधि वाटली.

हिशेब फारसा कठीण नाहीं. कांचेच्या एका गोळीची त्रिज्या ५० मायक्रोमीटर आहे असें धरावें. तिच्यावर एका नॅनोमीटर जाडीचा, कांचेसारख्याच पदार्थाचा थर चढला, तर त्रिज्या पन्नास हजारांत एका भागानें वाढली. घेर वाढला, म्हणून त्यांत मावणाऱ्या लहरीची लांबीही त्याच प्रमाणांत वाढली पाहिजे. आतां अनुनादकाचा कान दहा लक्षांत एका भागाचा फरक ओळखण्याइतका तीक्ष्ण असेल, तर हा बदल त्याच्या क्षमतेच्या वीसपट भरतो. तो नजरेंतून सुटणें शक्य नाहीं. प्रथिनाच्या एका रेणूची जाडी कांहीं नॅनोमीटरच असते. २००२ सालीं अमेरिकेंत फ्रँक व्होल्मर, स्टीफन अर्नॉल्ड व त्यांचे सहकारी यांनीं पाण्यांतील प्रथिन गोळीवर बसत असतांना ही सुराची सरकण मोजली. २००८ सालीं याच दोघांच्या गटानें इन्फ्ल्युएंझाचा एकेक विषाणु गोळीवर चिकटतांच सुराला बसणारा एकेक धक्का नोंदविला. विषाणूचा व्यास नॅनोमीटरांत मोजला तर सुमारें शंभर भरतो.

येथपर्यंतची कथा गोळीची झाली. पण गोळी हातळण्यास मोठी नाजूक. ती एकेक करून वितळवून करावी लागते, तिच्याशीं प्रकाशाचा बारीक धागा केसाहून कमी अंतरावर नेऊन ठेवावा लागतो, आणि थोडें हललें कीं सूर चुकतो. प्रकाशाची वाट सपाट पट्टीवर, पातळ थरांत आंखतां आली तर पुष्कळ सोय होईल. हें साधण्याचा मार्ग घरांतल्याच दोन परिचित वस्तूंतून समजतो.

पहिली वस्तु साबणाचा फुगा. त्याचा पापुद्रा इतका पातळ असतो कीं प्रकाशाच्या लहरीची लांबी आणि पापुद्र्याची जाडी एकाच मापाच्या पंक्तींत बसतात. त्याचे रंग यामुळेंच उमटतात. २०२४ सालीं स्लोव्हेनियांतील ल्युब्लियाना येथील कोरेन्याक व हुमार यांनीं प्रसिद्ध केलें कीं, साबणाच्या पाण्यांत चकाकणारा रंग मिसळून त्या फुग्यावर लेसरची स्पंदनें टाकलीं, तर फुग्याच्या पापुद्र्यांतूनच प्रकाश घेराभोंवतीं फिरतो आणि फुगा स्वतः लेसर बनतो. द्रव-स्फटिकाचे फुगे करून त्यांनीं अधिक टिकाऊ पापुद्रेही वापरले. अशा फुग्याच्या सुरावरून त्याचा आकार, आणि आकारावरून सभोंवतालचा दाब मोजतां येतो. मुलांच्या खेळण्यांत विजापुरच्या सज्ज्याचें तत्त्व असें उतरलें.

दुसरी वस्तु मोराचें पीस. शिरूर तालुक्यांतच मोराची चिंचोली हें गांव तेथील मोरांसाठीं प्रसिद्ध आहे. मोराच्या पिसांत निळा वा हिरवा असा रंग कोणी भरलेला नसतो. तेथें एक काळपट द्रव्य तेवढें असतें. त्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या ठराविक अंतरांवर जाळीसारख्या रचलेल्या असतात, आणि ती रचना एका विशिष्ट लांबीच्या लहरींना आंत शिरूं न देतां परत पाठविते. रामन यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत पक्ष्यांच्या पिसांचे व शिंपल्यांचे रंग याच दृष्टीनें अभ्यासले होते. ही युक्ति मनुष्यानें आणखी सोपी करून घेतली. एक थर अधिक दाट पारदर्शक पदार्थाचा, त्यावर एक थर कमी दाट पदार्थाचा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, अशी चळत रचावयाची. प्रत्येक थराची जाडी लहरीच्या सुमारें चतुर्थांश. प्रत्येक सांध्यावरून थोडा थोडा परतणारा प्रकाश एकमेकांस बळ देतो, आणि एका ठराविक पट्ट्यांतील सर्व रंगांना ती चळत मज्जाव करते. हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींची जी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली, तिच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांतील आरसे याच जातीचे. अमेरिकेंतील ज्या वेधशाळांच्या धर्तीवर ती व्हावयाची आहे, तेथें प्रकाश अशा आरशांमध्यें सुमारें तीनशें वेळां जा-ये करतो. चांदीच्या आरशाला हें कधींच साधलें नसतें.

आतां अशा चळतीच्या अगदीं वरच्या पृष्ठभागावर सांपडलेल्या प्रकाशाची स्थिति पाहावी. तो खालीं जाऊं म्हणेल तर चळत त्याला मज्जाव करते. वर हवेंत निसटूं म्हणेल तर पूर्ण परावर्तनाचा नियम आडवा येतो. इकडे आड आणि तिकडे विहीर, अशा पेंचांत सांपडल्यामुळें त्याला पृष्ठभागावरूनच चालावें लागतें. थरांच्या चळतीवर अशी पृष्ठलहर चालूं शकते हें पोचि ये, अम्नोन यारिव्ह व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत १९७७-७८ च्या सुमारास दाखविलें. स्फटिकांतील इलेक्ट्रॉनांचें गणित १९२८ सालीं मांडणाऱ्या फेलिक्स ब्लॉखच्या नांवावरून तिला ब्लॉख पृष्ठलहर म्हणतात, कारण नियमित थरांतून जाणाऱ्या प्रकाशाला तेंच गणित लागू पडतें. धातूच्या पृष्ठभागावरूनही प्रकाशाची लहर चालते, परंतु धातु तिला वाटेंतच गिळून टाकतो. येथें धातु मुळींच नसल्यामुळें ही लहर पुष्कळ अधिक वाट चालते.

या चळतीच्या माथ्यावर कांहीं दशक नॅनोमीटर जाडीचा आणखी एक थर देऊन त्याला चकतीचा किंवा कड्याचा आकार दिला, म्हणजे पृष्ठलहर त्या आकाराच्या कडेनें प्रदक्षिणा घालूं लागते. इटलींतील पाविया विद्यापीठाचे मेनोत्ति व लिस्किदीनी यांनीं अशा अनुनादकांची उपपत्ति २०१५ सालीं मांडली, आणि पुढें तशा चकत्या करूनही पाहण्यांत आल्या. सोय अशी कीं, एकाच कांचपट्टीवर छापल्याप्रमाणें अनेक कडीं उमटवितां येतात, आणि प्रकाशाचा जोर पृष्ठभागावरच असल्यामुळें तेथें बसलेल्या वस्तूशीं त्याची गांठ अधिक निकट पडते. गैरसोयही लपविण्यासारखी नाहीं. वरचा थर इतका पातळ असतो कीं वळणावर प्रकाशाला धरून ठेवण्याची त्याची शक्ति बेताची. वर्तुळ फार लहान केलें तर प्रकाश वळणावरून निसटतो. पृष्ठभागावरील खडबडीतपणाही त्याला विस्कटून टाकतो. म्हणून गारेच्या गोळीच्या विक्रमी फेऱ्यांशीं या चकत्यांची बरोबरी होत नाहीं. बाहेर टाकलेलें पाऊल जितकें मोठें तितका स्पर्श अधिक, पण तोल जाण्याची भीतिही तितकीच. संवेदना आणि टिकाव या दोहोंमधील हा सौदा या विद्येंतील प्रत्येक नव्या युक्तीला करावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होईल. त्याचें उत्तर पुन्हा भीमेच्या कांठीं आणतें. पुणें शहराचें सांडपाणी ज्या मुळा-मुठेंत उतरतें ती नदी याच शिरूर-दौंडच्या पट्ट्यांत भीमेला मिळते. शहरांतील मोरींतून सकाळीं जें वाहून गेलें तें तेथेंच संपत नाहीं. खालच्या गांवांच्या वाट्याला येतें. पाण्यांत रोगजंतु आहेत कीं नाहींत हें ठरविण्याची रूढ रीत अशी कीं, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत न्यावयाचा, त्यांतील जंतु पोषक द्रव्यावर वाढूं द्यावयाचे, आणि वाढ दिसली कीं मोजावयाचे. ही रीत विश्वासू आहे, पण तिला एक ते दोन दिवस लागतात. जंतूंना वाढावयास जो वेळ लागतो तो घाई केल्यानें कमी होत नाहीं. निकाल हातीं येईतों तें पाणी घरोघर पिऊन झालेलें असतें. जंतु वाढण्याची वाट न पाहतां, आहे तोच जंतु वा त्याचें प्रथिन भिंतीवर बसतांच ओळखणारें साधन मिळालें, तर हे दोन दिवस वांचतील. एखाद्या सांथींत दोन दिवस म्हणजे थोडा काळ नव्हे.

मात्र येथें अवास्तव आशा बाळगूं नये. भिंतीवर कांहींतरी बसलें एवढेंच अनुनादक सांगतो; काय बसलें हें तो स्वतः सांगत नाहीं. नदीच्या एका थेंबांत गाळ असतो, शेवाळ असतें, खतांचे क्षार असतात, आणि हीं सर्व भिंतीकडे धांव घेतात. म्हणून भिंतीवर आधीं असें द्रव्य लावावें लागतें कीं जें एकाच जातीच्या जंतूला धरील व इतरांना सोडून देईल. तें द्रव्य जितकें चोखंदळ तितकाच निकाल भरंवशाचा. दुसरी अडचण उष्णतेची. पाणी किंचित् तापलें तरी सूर सरकतो, आणि ती सरकण जंतूच्या येण्यानें झालेल्या सरकणीहून मोठी असूं शकते. त्यासाठीं शेजारीं द्रव्य न लावलेलें दुसरें कडें ठेवून दोघांतील फरक पाहावा लागतो. आणि एकाच पट्टीवर अनेक कडीं उमटवितां येणें हा पातळ थरांचा गुण येथें कामास येतो. तिसरी अडचण थेंबाची. जंतु विरळ असतील तर ते आपण होऊन भिंतीपर्यंत येईतों बराच वेळ जातो. साधन कितीही तीक्ष्ण असलें तरी जें त्याच्यापाशीं आलेंच नाहीं तें त्याला कळणार नाहीं. प्रयोगशाळेंतील स्वच्छ पाण्यांत एकच विषाणु ओळखणें आणि पावसाळ्यांतील गढूळ भीमेंत तेंच करणें, या दोहोंत मोठें अंतर आहे. तें अंतर कापणें हें पुढील पिढीच्या शास्त्रज्ञांचें काम आहे.

या अडचणींकडे पाहून निराश होण्याचेंही कारण नाहीं. एअरीचें उत्तर सोपें होतें, पण सज्ज्यांत कान लावून हिंडणाऱ्यांनीं तें अपुरें ठरविलें; रॅलेचें उत्तर अधिक खोल होतें, तरी रामन यांनीं भिंतीपासून एकेक पाऊल मागें सरत त्यांत भर घातली. गोळीवरील पाण्याच्या पापुद्र्यानें प्रयोग बिघडविला, आणि त्या बिघाडांतूनच नवें साधन निघालें. प्रत्येक वेळीं प्रगति झाली ती अपेक्षेप्रमाणें न घडलेल्या गोष्टीची नोंद प्रामाणिकपणें ठेवल्यानें.

विजापुरच्या घुमटांत मध्यभागीं उभ्या राहणाऱ्या माणसाला स्वतःचाच प्रतिध्वनि तेवढा ऐकूं येतो. दुसऱ्याची कुजबूज ऐकावयाची असेल तर त्याला भिंतीपाशींच जावें लागतें. वडगांव रासाईच्या कांठावरून वाहणाऱ्या पाण्यालाही पुष्कळ सांगावयाचें आहे, आणि तें फार हलक्या आवाजांत सांगत आहे. प्रकाशाला भिंतीला बिलगून चालावयास शिकविण्याचे हे सर्व परिश्रम तो आवाज वेळेवर ऐकूं यावा यासाठीं आहेत. ऐकल्यावर पाणी स्वच्छ राखण्याचें काम मात्र नदीच्या वरच्या अंगास राहणाऱ्यांनाच करावें लागेल.